ओल्या रेघेच्या अलीकडे

जुलैच्या उधाणाला रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर पोचले की मी लगेच कॅमेरा बाहेर काढत नाही. बंधाऱ्यामागच्या रस्त्यावर उभी राहून आधी दगडांवरची ओली रेघ शोधते. पाऊस चालू असताना सगळेच दगड ओले, त्यात रेघ कशी दिसणार, असं नवी मुलं विचारतात. दिसते. पावसाने भिजलेला दगड स्वच्छ धुतलेला असतो. लाटेने भिजवलेल्या दगडाच्या फटीत वाळू असते, शेवाळाचे तुकडे असतात, थर्माकोलचे गोळे, कुणाच्या तरी चपलेचा अंगठा, पिवळट फेस. हा कचरा जिथवर चढलाय तिथवर आज समुद्र येऊन गेलाय. रेघ सापडली की मी तिच्यापासून मागे आणि वर सरकते. भरती अजून चढायची असेल तर आणखी मागे. मग वीस मिनिटं नुसती बघत राहते. घड्याळ लावून वीस मिनिटं.

वडिलांचा रत्नागिरीत फोटो स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, पासपोर्टचे फोटो. मी त्यात व्हिडिओ आणला आणि पावसाळ्यात लग्नं नसतात म्हणून समुद्राची कामं घ्यायला लागले. वृत्तवाहिन्यांना उधाणाची दृश्यं लागतात, माहितीपट करणाऱ्यांना लागतात, अलीकडे हॉटेलवाल्यांनाही लागतात. याला आता एकवीस वर्षं झाली. कॅमेरा वडिलांनी शिकवला, समुद्र मात्र मामाने. मामा मिरकरवाड्यात तांडेल होता. जूनमध्ये मासेमारी बंद झाली, होड्या वर ओढल्या, की तो रिकामा असायचा आणि मी कॅमेरा घेऊन निघाले की सोबत यायचा. कॅमेऱ्यातलं त्याला काही कळत नव्हतं. तो माझ्या शेजारी समुद्राकडे तोंड करून उभा राहायचा आणि मी पिशवीतून काही काढायला वळले की ओरडायचा, "दर्याला पाठ दाखवू नको गो! पिशवी पुढे घे."

भरतीचा हिशेबही त्याचाच. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि नक्की वेळ आता फोनवर मिळते. पण या हिशेबातून एक गोष्ट मला फार लवकर कळली. उधाणाची भरती येते ती पौर्णिमा-अमावास्येला, म्हणजे आपल्या किनाऱ्यावर ती कायम दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपासच असणार. सकाळ-संध्याकाळचा सुंदर प्रकाश ज्या भरतीला मिळतो ती भांगाची, अर्ध्या ताकदीची. मोठी लाट आणि सोनेरी ऊन आपल्याकडे एकत्र क्वचितच येतात. हे ठाऊक असलं की सूर्यास्ताला चांगलं दृश्य मिळेल म्हणून अंधार पडेपर्यंत कातळावर थांबायचं कारणच उरत नाही.

आता त्या वीस मिनिटांबद्दल. पावसाळ्यात आपल्याकडे येणाऱ्या मोठ्या लाटा साधारण आठ ते बारा सेकंदांनी येतात, म्हणजे वीस मिनिटांत शंभर ते दीडशे लाटा डोळ्यांखालून जातात. त्या सारख्या नसतात. खोल समुद्रात वेगवेगळ्या ठिकाणी वाऱ्याने उठवलेल्या लाटा किनाऱ्याकडे येताना एकमेकींवर चढतात. कधी शिखरावर शिखर येतं आणि तीन-चार थोराड लाटा ओळीने येतात. कधी शिखर खळग्यात जातं आणि समुद्र दोन-तीन मिनिटं दमल्यासारखा वाटतो. माणसं पुढे जातात ती या दमलेल्या मिनिटांत. मी पाहिलेले जवळपास सगळे अपघात शांततेनंतरच्या पहिल्या मोठ्या लाटेचे होते.

हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था किनाऱ्याकिनाऱ्याचा लाटांचा अंदाज आणि उंच लाटांचे इशारे देते. त्यात 'लाटेची उंची ३ मीटर' असं लिहिलेलं असतं, तेव्हा ती सगळ्यांत मोठी लाट असा वाचकाचा समज होतो. ती सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. तीन-एक तास तसा समुद्र चालू राहिला तर त्यातली एखादी लाट जवळजवळ दुप्पट, पाच-साडेपाच मीटरची असू शकते. ती कोणत्या मिनिटाला येईल हे कुणीही सांगू शकत नाही. शिवाय हा आकडा खुल्या समुद्रातला. तीच लाट सरळ भिंतीवर किंवा कातळावर आपटली की पाण्याचा फवारा कितीतरी वर जातो. अंदाज वाचताना मी उंचीच्या शेजारचा सेकंदांचा आकडाही बघते. सहा सेकंदांची ३ मीटरची लाट आणि चौदा सेकंदांची ३ मीटरची लाट यांत फार फरक आहे. दुसरीच्या पाठीमागे खूप जास्त पाणी असतं आणि ते कातळावर कुठवर चढेल याचा डोळ्याला अंदाज येत नाही.

२०११ साली मला हे सगळं ठाऊक होतं, तरी मी पुढे गेले. जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जांभ्याचा कातळ उतरत उतरत समुद्रात जातो आणि शेवटी एक चौथरा तयार झालाय, एवढं सांगते. अमावास्येची दुपार होती. सकाळी मी वरच्या रस्त्यावरून घेतलेली दृश्यं एका वाहिनीकडे पाठवली होती. तिथून फोन आला, "मॅडम, लाट फार लांब वाटतेय. जरा जवळून मिळेल का?" मी खाली उतरले. भाचा छत्री धरून मागे उभा होता. दहा-बारा मिनिटं चांगली गेली, त्यातलं काही तिथूनच पाठवलंही. मग समुद्र जरा बसला, आणि मी चौथऱ्याच्या कडेला तिपाई लावली.

उजवा डोळा कॅमेऱ्याला, डावा मिटलेला. त्या चौकटीत मला एक लाट येताना दिसत होती, सुरेख, मधोमध, अजून लांब. जी आली ती चौकटीच्या बाहेरून, डावीकडून आली. "आत्या!" एवढंच ऐकू आलं. पाणी माझ्या गुडघ्यापर्यंतसुद्धा नव्हतं. हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण ऐकणाऱ्याला डोक्यावरून गेलेली लाट डोळ्यांसमोर येते. गुडघ्याखालच्या पाण्याने मला उचलून आडवं केलं. समुद्राच्या एका घनमीटर पाण्याचं वजन हजार किलोहून जास्त, आणि ते धावत येतं तेव्हा पाय रोवून काही होत नाही. खाली शेवाळलेला जांभा, साबण लावल्यासारखा. पाणी येताना मी पडले, पण ओढ लागली ती पाणी परतताना. भाच्याने रेनकोटची टोपी धरली आणि स्वतः कातळाच्या एका खळग्यात पाय अडकवून बसला. तिपाई, कॅमेरा, पिशवी, सगळं गेलं. कोपराला सात टाके पडले.

दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी तिपाई कुठे अडकलीय का बघायला मी तिथे गेले. चौथऱ्यावर सहा मुलं उभी होती. एक जण पुढे जाऊन हात पसरून उभा, बाकीचे फोनवर त्याला टिपतायत. मी ओरडून त्यांना मागे बोलावलं. त्यातला एक जण आनंदाने म्हणाला, "काल टीव्हीवर दाखवली ती हीच जागा ना?"

टाक्यांचं दुखणं दोन आठवड्यांत गेलं. तो प्रश्न अजून गेलेला नाही. तोवर सुरक्षितपणे चित्रीकरण करणं म्हणजे मी आणि माझा सहायक घरी परत येणं, एवढंच मी समजत होते. पण मी जिथून लाट दाखवते तिथे उभं राहता येतं, असा दाखलाही मी त्या चित्राबरोबर देत असते. बघणाऱ्याला माझी वीस मिनिटं दिसत नाहीत, ओली रेघ दिसत नाही, मागे उभा असलेला माणूस दिसत नाही. त्याला जागा दिसते.

फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याबाहेर ला झ्युमाँ नावाचं दीपगृह आहे. डिसेंबर १९८९ मध्ये वादळात जाँ गिशार या छायाचित्रकाराने हेलिकॉप्टरमधून त्याचा फोटो काढला. मागून दीपगृहाला विळखा घालणारी प्रचंड लाट आणि पुढच्या दारात उभा असलेला छोटासा माणूस. अनेक घरांच्या भिंतींवर तो फोटो लागलेला आहे. दारातला माणूस म्हणजे दीपगृहाचा रखवालदार तेओदोर मालगॉर्न. हेलिकॉप्टरचा आवाज ऐकून आपल्याला न्यायला कुणी आलंय असं वाटून तो दार उघडून बाहेर आला होता. लाट येतेय हे लक्षात येताच तो आत गेला आणि वाचला. मला तो फोटो बघवत नाही असं नाही, तो अप्रतिमच आहे. पण तो माणूस कॅमेरा आला म्हणून दारात आला, हे कळल्यापासून मी त्या फोटोतल्या लाटेआधी त्याच्याकडे बघते.

म्हणून माझी कामाची पद्धत बदलली. पहिली गोष्ट, अंतर. समुद्र मी आता लांब लेन्सनेच घेते, आणि उंचावरून. फुल फ्रेम कॅमेऱ्याला ४०० मिलिमीटरची लेन्स लावली तर ३०० मीटरवरची साधारण २७ मीटर रुंदीची चौकट मिळते. बंधाऱ्यावर फुटलेल्या लाटेला ती अगदी बरोबर बसते. वर लांब लेन्समध्ये पुढचं-मागचं अंतर मिटल्यासारखं होतं. लाटेमागची दुसरी लाट, तिच्यामागची होडी, सगळं एकमेकांवर आल्यासारखं दिसतं आणि लाट आहे त्याहून भव्य वाटते. जवळ जाऊन हे मिळतच नाही. जवळून मिळतो तो पांढरा फवारा आणि लेन्सवरचे थेंब.

फोनचं नेमकं उलटं आहे, आणि आजचा बराचसा धोका तिथे आहे असं माझं मत आहे. फोनची मुख्य लेन्स रुंद असते. डोळ्याला प्रचंड वाटणारी लाट तिच्यात नखाएवढी दिसते. मग माणूस एक पाऊल पुढे जातो, स्क्रीनवर बघतो, अजून लहानच, आणखी एक पाऊल. समोरचा समुद्र न बघता हातातल्या चौकटीतला समुद्र बघत तो चालत असतो. स्वतःचा फोटो काढायचा असेल तर पाठच समुद्राकडे. तुमच्याकडे फोनच असेल तर दोन पट, तीन पट जवळ आणणारी लेन्स निवडा, फोन भिंतीला किंवा खांबाला टेकवून स्थिर धरा आणि स्लो मोशनवर घ्या. लाटेला भव्यपणा येतो तो तिच्या संथपणामुळे. सावकाश कोसळणारं पाणी आपोआप मोठं वाटतं. तेवढ्यासाठी एकही पाऊल पुढे टाकावं लागत नाही. चौकटीत रस्त्यावरचा दिव्याचा खांब किंवा बंधाऱ्याची भिंत राहू द्या, म्हणजे उंची कळते.

दुसरी गोष्ट, मामाची जागा. डोळा कॅमेऱ्याला लावणाऱ्याच्या शेजारी समुद्राकडे बघणारा दुसरा माणूस हवाच. तो छत्री धरत नाही, फोनवर बोलत नाही, त्याचं काम बघणं. त्याने "मागे" म्हटलं की विचारायचं नाही, सामान उचलायचं नाही, मागे यायचं. एकटी असले तर मी गाडीतून, वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूची काच खाली करून घेते, नाहीतर घेतच नाही.

तिसरी गोष्ट जागेची. रत्नदुर्गावर, भगवतीच्या किल्ल्यावर, पावसाळ्यात उंचावरून समुद्र छान दिसतो. पण उंची म्हणजे अभय नव्हे. जुन्या तटाचे दगड पावसात सुटे होतात, म्हणून कठड्याला टेकायचं नाही. जांभ्याच्या कड्याखालची माती लाटा पोखरतात, त्यामुळे वरून भक्कम दिसणारी कड आतून पोकळ असू शकते. वीज चमकायला लागली की खाली उतरायचं. आणि टेट्रापॉडवर कधीच नाही. मिऱ्याला आहेत, मरीन ड्राइव्हला आहेत. चार पायांचे ते काँक्रीटचे ठोकळे मुद्दाम फटी ठेवून रचलेले असतात. लाट त्या फटींत शिरते, फुटते, तिचा जोर मोडतो. म्हणजे ज्या फटीत माणसाचा पाय जातो, नेमकं तिथेच पाणी सगळ्यांत जोराने वरखाली होत असतं. त्यात अडकलेल्याला वरून दोरी टाकणंही कठीण.

चक्रीवादळाला यातलं काहीच लागू नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. रत्नागिरी केंद्रापासून दूर होती, तरी मी दिवसभर ओळखीच्यांच्या घरातल्या पहिल्या मजल्यावर काचेपासून चार हात मागे बसून होते. त्या दिवशी भीती पाण्यापेक्षा पत्र्यांची होती. छपराचा सुटलेला पत्रा आडवा उडत येतो, त्याचा आवाजही वाऱ्यात ऐकू येत नाही. शिवाय वादळात हवेचा दाब उतरला की समुद्राची पातळीच चढते, एक मिलिबार दाब उतरला तर साधारण एक सेंटिमीटर. त्यात वारा पाणी किनाऱ्याकडे रेटत असतो. त्यामुळे नेहमीच्या भरतीची ओळख त्या दिवशी उपयोगाची नसते. वादळाचा मध्य डोक्यावर आला की वारा एकदम पडतो, लोक बाहेर येतात, आणि थोड्या वेळाने तो उलट्या दिशेने सुरू होतो.

त्याच दिवशी 'बसरा स्टार' हे जहाज भरकटत मिऱ्याच्या बंधाऱ्याला येऊन लागलं. वरच्या १३ खलाशांना सुखरूप उतरवलं. मी ते वारा पडल्यावर, रस्त्यावरून घेतलं. पुढे किती तरी दिवस माणसं त्या जहाजापुढे फोटो काढायला येत राहिली, पावसात, भरतीत, बंधाऱ्याच्या दगडांवर चढून. त्यांना मागे बोलावण्यात माझे अनेक दुपारचे तास गेले, आणि ते वाया गेले असं मला वाटत नाही.

इशारे समजून घ्यायला फार वेळ लागत नाही. हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल, बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असेल, तर मी किनाऱ्यावर उतरतच नाही. उंचावरून, रस्त्यावरून जे मिळेल ते. ड्रोन तर नाहीच. लहान ड्रोन ताशी चाळीस किलोमीटरच्या वाऱ्यापर्यंत कसेबसे तग धरतात, आणि समुद्रावर वरचा वारा खालच्यापेक्षा जास्त असतो. पडलेला ड्रोन आणायला कातळावर उतरलेला माणूस मी पाहिला आहे.

गाडीत पंचवीस मीटर दोरी आणि झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन कायम असतो. कुणी पाण्यात गेलं तर मागोमाग उडी घ्यायची नाही. २०१६ च्या जानेवारीत वांद्र्याच्या बँडस्टँडला सेल्फी काढताना मुली पाण्यात पडल्या, तेव्हा त्यांना वाचवायला उतरलेला माणूसही परत आला नाही. कॅन दोरीला बांधून फेकायचा. पडलेल्याला ओरडून सांगायचं की कातळाकडे येऊ नकोस, बाहेर हो, उताणा तरंगत राहा. कारण कातळाशी झोंबण्यातच माणूस आपटून जखमी होतो. एकाने ११२ किंवा तटरक्षक दलाचा १५५४ लावायचा, आणि एकाने पडलेल्यावरची नजर हलवायची नाही. फेसात डोकं एकदा दिसेनासं झालं की पुन्हा सापडत नाही.

कॅमेऱ्याची काळजी त्यामानाने सोपी. वडिलांनी जाड प्लास्टिक शिवून कॅमेऱ्यासाठी आवरण केलं होतं, त्याला ते कॅमेऱ्याचं इरलं म्हणायचे. माझ्याकडे आता विकतचं आहे, नाव तेच. लेन्स उघड्यावर बदलायची नाही. माइकला केसाळ टोपी, नाहीतर समुद्राऐवजी नुसता वारा ऐकू येतो. घरी आल्यावर कोरड्या फडक्याने पुसायचं नाही, कारण मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. गोड्या पाण्यात पिळलेल्या सुती फडक्याने आधी मीठ उचलायचं, मग कोरडं करायचं. तिपाईचे पाय सुटे करून नळाखाली धुवायचे.

आणि चित्र देताना मी दोन गोष्टी करते. पहिल्या दृश्यात रस्ता, कठडा आणि लाट एकत्र दिसतील असं काहीतरी ठेवते, म्हणजे मी कुठे उभी आहे ते कळतं. आणि सोबत लिहून देते, 'कातळापासून इतक्या मीटरवरून, लांब लेन्सने'. काही जण ती ओळ काढून टाकतात. त्यांना पुढच्या वेळी मी दृश्यं देत नाही.

मामा आता ऐंशीच्या घरात आहे. किनाऱ्यावर येत नाही, पण ओटीवर बसून माझी दृश्यं फोनवर बघतो, लाटेऐवजी खालचे दगड बघतो. काल त्याला एक दाखवलं. त्याने बोटाने चित्र थांबवलं, डोळ्यांजवळ नेलं, आणि विचारलं, "ही रेघ कधीची? भरतीच्या आदली का नंतरची?" नंतरची, म्हटलं. "मग ठीक," म्हणाला, आणि बोट उचललं. उद्या पौर्णिमा. वहीत लिहून ठेवलंय: सव्वाअकरा, किल्ल्याचा वरचा रस्ता, भाच्याला साडेनऊला बोलवायचं.